ट्रॅक्टरच्या पंख्याचा पट्टा

ट्रॅक्टरच्या एंजिनापुढील पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो यांना भुजादंडाकडून गती पोहोचविणारा रबर व धागे यांचा अखंड पट्टा. व्यवहारात यास फॅन बेल्ट असे म्हणतात. आकाराने व किंमतीने हा एंजिनाचा अगदी सामान्य भाग असला, तरी शीतन व विद्युत् पुरवठा ही दोन्ही कार्ये त्याच्यावर अवलंबून असतात. सुमारे १९१५ ते १९६० या काळात बांधलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत या पट्ट्याची रचना, त्याचे बदलणे व त्याचा ताण जुळविणे यांत बराच फरक पडत गेला. शेतकऱ्याला आपले यंत्र स्वतः कितपत सांभाळता यावे, या प्रश्नाची एक बाजूही त्यातून स्पष्ट होते.

कार्य व महत्त्व : अंतर्ज्वलन-एंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेपैकी सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागाचेच उपयुक्त कार्यात रूपांतर होते. जवळजवळ तेवढाच भाग सिलिंडरांच्या भिंतींतून शीतक पाण्यात उतरतो आणि उरलेला निष्कास वायूंबरोबर बाहेर जातो. पाण्यात उतरलेली उष्णता रेडिएटरमधून हवेत टाकली नाही, तर काही मिनिटांत पाणी उकळू लागते, वंगणतेल पातळ होते, दट्टे सिलिंडरांत अडकतात आणि सिलिंडरांच्या वरचे शीर्ष वाकते किंवा तडकते.

मोटारगाडीच्या बाबतीत गाडी वेगात असताना समोरून येणारी हवाच रेडिएटरला बरीचशी थंड करते. त्यामुळे पंखा बंद पडला, तरी काही अंतर काटता येते. ट्रॅक्टरला ही सवलत नसते. नांगरणीच्या वेळी त्याचा वेग ताशी चार-सहा किलोमीटरच असतो आणि मळणीयंत्र किंवा पंप चालविताना तो एका जागीच उभा असतो; मात्र त्याच वेळी एंजिनावर जवळजवळ पूर्ण भार असतो. रेडिएटरमधून जाणारी जवळजवळ सर्व हवा पंख्यानेच ओढलेली असते. म्हणून मोटारीच्या पट्ट्यापेक्षा ट्रॅक्टरच्या पट्ट्याला अधिक महत्त्व आहे.

इतिहास : पहिल्या पिढीतील अवजड ट्रॅक्टरांत असा पट्टा सर्वत्र नव्हता. अमेरिकेतील आयोवा राज्यात चार्ल्स सिटी येथे तयार होणाऱ्या हार्ट-पार ट्रॅक्टरांत पाण्याऐवजी तेलाने शीतन होत असे आणि त्यासाठी पुढे एक उंच मनोरा बसविलेला असे. एंजिनातून बाहेर पडणारा निष्कास वायू या मनोऱ्यात वर सोडला जाई व त्याच्या ओढीने बाहेरची हवा आत खेचली जाई. १९१० पासून तयार झालेल्या रूमली ऑइलपुल ट्रॅक्टरांतही हेच तत्त्व वापरलेले होते. भार वाढला की निष्कास वाढे व त्याबरोबर हवेचा ओघही वाढे. त्यामुळे पंखा व पट्टा यांची गरज भासत नसे. परंतु असे मनोरे फार जड व अवाढव्य असत. लहान शेताला परवडेल असा हलका ट्रॅक्टर करावयाचा, तर मोटारीसारखा आटोपशीर रेडिएटर व त्यामागे पंखा हीच रचना स्वीकारावी लागणार होती.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून १९१७ मध्ये बाहेर पडू लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टराने ही रचना सर्वदूर नेली. अमेरिकेत १९२८ पर्यंत या ट्रॅक्टरांची संख्या सात लाखांच्या पलीकडे गेली. त्याच्या एंजिनात पाण्याचा पंप नव्हता. गरम झालेले पाणी हलके होऊन वर चढते व रेडिएटरमध्ये थंड झालेले जड पाणी खालून एंजिनात येते, या नैसर्गिक अभिसरणावर त्याचे शीतन चाले. या पद्धतीस थर्मोसायफन पद्धती म्हणतात. ठिणगीसाठी लागणारी वीज प्रचक्रात बसविलेल्या मॅग्नेटोपासून मिळे. घटमाला किंवा डायनामो नव्हता. परिणामी पट्ट्याकडे केवळ पंखा फिरविण्याचे एकच काम होते आणि तो सपाट असे.

सपाट पट्टा शेतकऱ्याला अपरिचित नव्हता. वाफेच्या एंजिनावरून मळणीयंत्र चालविण्यासाठी चामड्याचे किंवा कॅनव्हासचे लांबलचक सपाट पट्टे अनेक वर्षे वापरात होते. पट्टा ढिला पडला की तो घसरतो, ओलसर हवेत त्याचा ताण बदलतो, कप्प्या एका रेषेत नसतील तर तो निसटतो, हे अनुभवाचे ज्ञान खेड्यापाड्यांतून रुजलेले होते. मात्र पंख्याच्या कप्प्या लहान आणि त्यांच्यातील अंतर थोडे असल्याने सपाट पट्ट्याची पकड अपुरी पडे. तेल किंवा धूळ लागली की तो सहज घसरे.

या अडचणीवर व्ही-पट्ट्याने उपाय सापडला. अमेरिकेतील डेन्व्हर येथील गेट्स यांच्या कारखान्यात जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबर व धागे यांचा, समलंब छेदाचा व्ही-पट्टा तयार केला. असा पट्टा कप्पीच्या खोबणीच्या तळावर टेकत नाही, तर तिच्या दोन तिरप्या भिंतींमध्ये पाचरीसारखा रुततो. खोबणीच्या भिंतींमधील कोन सामान्यतः ३४° ते ४०° असतो. या पाचरीमुळे तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट घर्षण मिळते. त्यामुळे लहान कप्पी, थोडे अंतर व बेताचा ताण असूनही अधिक शक्ती वाहून नेणे शक्य झाले. १९२० नंतरच्या दोन दशकांत मोटारी व ट्रॅक्टर यांतील सपाट पट्ट्याची जागा बहुतांशी व्ही-पट्ट्याने घेतली.

सर्वच निर्मात्यांनी मात्र पट्टा स्वीकारला नाही. जॉन डिअर कंपनीच्या १९३४ मधील ‘ए’ व १९३५ मधील ‘बी’ या दोन सिलिंडरी ट्रॅक्टरांत पंखा दंतचक्रांनी फिरणाऱ्या एका लांब दंडावर बसविलेला होता. हा दंड तुटण्याचे वा घसरण्याचे भय जवळजवळ नव्हते. परंतु तो बिघडल्यास दुरुस्तीला बरीच उकल करावी लागे. पट्टा लवकर झिजतो, पण तो शेताच्या बांधावर बदलता येतो. दंड दीर्घकाळ टिकतो, पण त्यास कारागीर लागतो. या दोहोंतून बहुसंख्य निर्मात्यांनी पट्ट्याची निवड केली.

एका पट्ट्यावर तीन कामे : १९३९ मध्ये हेन्री फोर्ड व हॅरी फर्ग्युसन यांच्या सहकार्यातून ‘फोर्ड ९एन’ हा ट्रॅक्टर निघाला. द्रवीय उत्थापक व तीन बिंदूंची अवजार-जोडणी यांमुळे तो प्रसिद्ध आहे. त्याबरोबरच विजेवर चालणारा आरंभक, डायनामो व पाण्याचा पंप ही साधने असलेला तो सामान्य शेतकऱ्याचा ट्रॅक्टर होता. पंखा व पंप एकाच आसावर होते आणि एकच व्ही-पट्टा भुजादंडाची कप्पी, पंख्याची कप्पी व डायनामोची कप्पी या तिन्हींवरून त्रिकोणाकृती फिरत असे. १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेल्या ‘फोर्ड ८एन’ मध्ये आणि इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तेवढ्याच मोठ्या संख्येने तयार झालेल्या ‘फर्ग्युसन टीई-२०’ मध्येही एका पट्ट्यावर ही तिन्ही कामे सोपविलेली होती.

या बदलाने पट्ट्याचा ताण जुळविण्याची रीतही बदलली. केवळ पंखा फिरवावयाचा होता, तेव्हा पंख्याचा आधार वरखाली सरकवून किंवा कप्पीच्या दोन अर्धांमधील अंतर कमी-जास्त करून ताण साधला जाई. पंखा पंपाच्या आसावर आल्यावर तो एंजिनाला जखडला गेला व हलविता येईना. डायनामो मात्र एका बाजूस बोल्टांवर झुलता ठेवून दुसऱ्या बाजूस खाच असलेल्या पट्टीने धरता येई. अशा रीतीने वीज निर्माण करणाऱ्या साधनाकडेच पट्टा ताणण्याचे कामही आले आणि ही रचना पुढे अनेक दशके टिकून राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आग्नेय आशियातील नैसर्गिक रबराचा पुरवठा १९४२ मध्ये तुटल्याने पट्ट्यांच्या निर्मितीवर परिणाम झाला. त्या वर्षी निघालेल्या ‘फोर्ड २एन’ ट्रॅक्टरांपैकी काहींना रबरी धावांऐवजी पोलादी चाके व घटमालेऐवजी मॅग्नेटो बसवावा लागला. याच सुमारास संश्लिष्ट रबरांचा वापर वाढला. तेल व उष्णता यांना अधिक टिकणारे निओप्रीन हे रबर पुढे व्ही-पट्ट्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. पट्ट्यातील ताण सोसणारे धागे प्रथम सुती, नंतर रेयॉनचे व त्यानंतर पॉलिएस्टरचे झाले. सुती धाग्यांचा पट्टा वापरात बराच लांबत असे, त्यामुळे तो वरचेवर ताणावा लागे. नंतरच्या पट्ट्यांत हे प्रमाण कमी झाले.

भारतातील स्थिती : भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबाद येथील आयशर कारखान्यातून बाहेर पडला. त्याचे एंजिन हवेने थंड होणारे होते. महाराष्ट्राशी अधिक निकटचा संबंध ‘बी-२७५’ या ट्रॅक्टराचा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने हा ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये डॉनकास्टर येथे १९५८ पासून बनविला. महिंद्र उद्योगसमूहाच्या सहभागाने १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने तोच मुंबईतील कांदिवली येथे तयार करण्यास प्रारंभ केला. पाण्याने थंड होणाऱ्या त्याच्या चार सिलिंडरी डीझेल एंजिनात पंखा, पंप व डायनामो यांसाठी पट्टा होता. थंड हवेच्या देशासाठी आखलेले हे शीतन विदर्भ-मराठवाड्यातील ४०° से. पेक्षा अधिक तापमानात आणि मळणीच्या भुशात वापरले जाऊ लागले. अशा परिस्थितीत पट्ट्याच्या थोड्याशा घसरणीचाही परिणाम लगेच दिसून येतो.

यंत्राबरोबर ते सांभाळण्याचे ज्ञानही पोहोचले पाहिजे, ही जाणीव दोन्ही देशांत दिसते. अमेरिकेतील नेब्रॅस्का राज्याने १९१९ मध्ये केलेल्या कायद्यानुसार ट्रॅक्टरांची चाचणी सक्तीची झाली. त्याचबरोबर विक्रेत्या कंपनीने सुट्या भागांचा पुरेसा साठा ठेवणेही बंधनकारक झाले. भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये केंद्र सरकारचे ट्रॅक्टर-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले.

बिघाडाची लक्षणे : पट्टा एकाएकी तुटण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. तिन्ही कप्प्यांपैकी डायनामोची कप्पी सर्वांत लहान असून तिला पट्ट्याचा विळखाही कमी पडतो. म्हणून ढिला पट्टा प्रथम तेथे घसरतो व विद्युत् प्रवाहमापकाचा काटा भरणीच्या बाजूकडे नेहमीइतका सरकत नाही. एंजिनाचा वेग एकदम वाढविला असता किंचाळल्यासारखा आवाज येतो. पाण्याचे तापमान वाढणे ही पुढची पायरी होय. डीझेल एंजिनाला ठिणगीची गरज नसल्याने व मॅग्नेटोवर चालणाऱ्या एंजिनाला घटमालेची गरज नसल्याने, पट्टा तुटला तरी ही एंजिने आपोआप थांबत नाहीत. ती उष्णतेने निकामी होईपर्यंत चालतच राहतात. हवेने थंड होणाऱ्या काही डीझेल एंजिनांत यासाठी पट्टा तुटताच इंधन बंद करणारी योजना केलेली असते. जुन्या जलशीतित ट्रॅक्टरांत ही जबाबदारी सर्वस्वी चालकाच्या लक्षावर असते.

पट्ट्याच्या आतील बाजूस आडव्या भेगा, कडांचे सुटलेले धागे, तेलाने फुगलेले रबर किंवा काचेसारख्या चकाकणाऱ्या बाजू दिसल्यास तो बदलणे इष्ट असते. खोबणीचा तळ घासून चकचकीत झालेला असेल, तर पट्टा किंवा कप्पी झिजली असून पट्टा भिंतींऐवजी तळावर टेकत आहे असे समजावे. अशा वेळी कितीही ताणले, तरी पाचरीची पकड परत मिळत नाही.

पट्टा बदलणे : हे काम एंजिन थंड असताना व घटमालेची भू-तार सोडवून केले जाते. डायनामोचे झुलते बोल्ट व खाचेच्या पट्टीचा बोल्ट सैल करून डायनामो एंजिनाकडे ढकलतात. त्यामुळे पट्टा ढिला होतो व प्रथम डायनामोच्या आणि मग पंख्याच्या कप्पीवरून उतरविता येतो. पंखा व रेडिएटर यांमधील फट अरुंद असल्याने पंखा हाताने फिरवीत पट्टा एकेका पात्यावरून ओवून काढावा लागतो. शेवटी तो भुजादंडाच्या कप्पीतून सोडवितात. नवा पट्टा याच्या उलट क्रमाने बसविला जातो. पेचकस किंवा पहार घालून पट्टा कप्पीच्या कडेवरून जबरीने चढविल्यास आतील धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, परंतु पट्टा लवकर निकामी होतो.

पट्टा काढलेला असतानाच इतर भागांची पाहणी करता येते. पंख्याचे पाते पुढेमागे हलवून पाहिल्यास पंपाचे धारवे, म्हणजे बेअरिंगे, झिजली आहेत किंवा काय हे कळते. डायनामो हाताने फिरविला असता तो खरखर न करता फिरला पाहिजे. कप्प्या एका प्रतलात आहेत की नाहीत, हे सरळ पट्टी लावून तपासतात.

जुन्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत योग्य मापाचा पट्टा मिळविणे हीच पुष्कळदा मुख्य अडचण असते. त्यांच्या खोबणी नंतरच्या पट्ट्यांच्या मानाने रुंद असतात. अरुंद पट्टा घातल्यास तो तळाशी जातो व घसरतो. योग्य पट्ट्याचा माथा खोबणीच्या कडेशी जवळजवळ समपातळीत असतो. लांबी ठरविण्यासाठी डायनामो त्याच्या सरकण्याच्या मर्यादेच्या मध्याजवळ ठेवून तिन्ही कप्प्यांवरून दोरी फिरवून मापतात. असे केल्याने पुढे पट्टा लांबला, तरी ताणण्यास जागा उरते. मूळ डायनामोच्या जागी अधिक प्रवाह देणारा आल्टरनेटर बसविला असल्यास पट्ट्यावरील भार वाढतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

ताण जुळविणे : डायनामो बाहेरच्या बाजूस ओढून धरून प्रथम खाचेच्या पट्टीचा व नंतर झुलते बोल्ट आवळतात. तरफ वापरावयाची असल्यास ती लाकडी असावी व डायनामोच्या कप्पीकडील जाड आवरणावर टेकवावी. मधल्या पातळ कवचावर टेकविल्यास ते दबते. मग सर्वांत लांब पदराच्या मध्यावर अंगठ्याने बेताचा दाब देतात. पट्टा साधारणतः १ ते २ सेंमी. दबला, तर ताण योग्य मानतात. निश्चित माप त्या त्या ट्रॅक्टरच्या हस्तपुस्तिकेत दिलेले असते. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खोबणीत बसतो व थोडा लांबतो, म्हणून त्यानंतर ताण पुन्हा तपासणे आवश्यक असते.

ताण कमी असण्याचे दुष्परिणाम उघड दिसतात, तर अधिक असण्याचे उशिरा कळतात. पट्टा घसरू नये म्हणून तो वीणेच्या तारेसारखा ताणण्याकडे अननुभवी चालकाचा कल असतो. अशा पट्ट्याचा आवाज येत नाही व पंखाही उत्तम फिरतो. परंतु पंपाच्या व डायनामोच्या पुढील धारव्यांवर एका बाजूने सतत ओढ पडते. काही महिन्यांत आस डुगडुगू लागतो, पंपाची गळबंदी झिजून पाणी ठिबकते आणि पट्ट्याच्या किंमतीच्या कितीतरी पट खर्चाचा पंप बदलावा लागतो. घसरणाऱ्या पट्ट्याला राळ किंवा साबण लावण्याची सवय सपाट पट्ट्यांच्या काळातून आलेली आहे. व्ही-पट्ट्याला त्याचा उपयोग होत नाही; उलट रबर बिघडते व धूळ चिकटते.

जुन्या यंत्रांची ही सर्व योजना विशिष्ट गृहीतावर उभी होती. दोन पाने, एक लाकडी दांडा व स्वतःचा अंगठा एवढ्या साधनांनी शेतकरी हे काम करू शकेल, हे ते गृहीत होय. हस्तपुस्तिकांत पट्ट्याचा ताण तपासणे हे तेल व पाणी पाहण्याबरोबरच चालकाच्या नित्यकर्मांत घातलेले आढळते. पुढील काळात आपोआप ताण राखणाऱ्या योजनांमुळे ही नित्याची देखभाल अनेक एंजिनांत कमी झाली. त्याबरोबर पट्टा हाताने पारखण्याचा सरावही मागे पडला. जतन केलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत मात्र तो आजही टाळता येत नाही. रंग व नावाची पट्टी मूळची असूनही पट्टा चुकीच्या मापाचा असल्यास असा ट्रॅक्टर भाराखाली फार काळ चालू शकत नाही. उलटपक्षी योग्य पट्टा योग्य ताणात असला, तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे एंजिनही दिवसभराचे काम करू शकते, असा अनुभव आहे.